वेगळी ॲक्शन बदलायची की जपायची? गोलंदाजीतली स्वतःची शैली आणि पुस्तकी तंत्र

नेटवाला

जसप्रीत बुमराह आज चौदा वर्षांचा असता आणि आपल्याकडच्या एखाद्या निवड चाचणीला आला असता, तर त्याचे किती चेंडू पाहिले गेले असते? मला वाटतं, फार तर चार. आखूड रन-अप, सुरुवातीला अडखळत टाकलेली पावलं, दोन्ही हात समोर ताठ, चेंडू सोडताना डावीकडे कललेलं अंग. वहीत 'ॲक्शन सदोष' असा शेरा पडला असता आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं असतं.

धागा काढायचं कारणही असंच आहे. मी आमच्या क्लबात लहान मुलांना शिकवतो. त्यातला एक नुकताच एका चाचणीला जाऊन आला. तिथे त्याला सांगितलं, "ॲक्शन दुरुस्त करून पुढच्या वर्षी ये." पोरगा उजव्या हाताचा मध्यमगती. उडी जवळजवळ नाहीच. मागचा पाय टेकतो तेव्हा छाती फलंदाजाकडे उघडी असते. हात कानाजवळून न येता बराच बाजूने येतो आणि चेंडू सुटताना मान खाली, नजर जमिनीवर. पण चेंडूकडे बघा. शिवण शेवटपर्यंत सरळ उभी. टप्पा पडला की उजव्या फलंदाजाच्या आत शिरतो आणि जेमतेम मांडीपर्यंत उठतो. आमच्या नेटमधली सोळा-सतरा वर्षांची मुलं त्याला खेळायला नाखूश असतात. माझ्या लेखी हेच त्याचं प्रमाणपत्र.

माझं मत आधीच सांगतो. ॲक्शन दिसायला कशी आहे हा प्रश्नच चुकीचा आहे. ती नियमात बसते का, पोराची पाठ आणि खांदा ती झेपवेल का, आणि शंभराव्या चेंडूलाही ती तशीच राहते का, एवढंच प्रशिक्षकाने बघायचं. बाकीच्यात हात घालू नये.

ज्याला आपण 'शुद्ध' म्हणतो ते तंत्रही एके काळी नियमबाह्यच होतं. १८६२ साली लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लिश गोलंदाज एडगर विल्शरने हात खांद्याच्या वर नेला म्हणून त्याला लागोपाठ नो-बॉल दिले गेले. १८६४ मध्ये नियम बदलला आणि वरून टाकणं हीच रीत झाली. त्याआधी आडव्या हाताने टाकणं अधिकृत होतं आणि त्याच्याही आधी खालून.

इंग्लंडच्या जेम्स अँडरसनचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. चेंडू सोडताना त्याचं डोकं पडतं, नजर फलंदाजावर नसते. तो तरुण असताना इंग्लंडच्या प्रशिक्षकांना वाटलं, या ॲक्शनने पाठ जाईल. त्यांनी ती बदलली. वेग घटला, स्विंग गेला आणि २००६ मध्ये ज्या दुखापतीपासून वाचवायचं होतं तीच झाली, पाठीत स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडणारी भेग). मग तो आपल्या जुन्या ॲक्शनवर परतला. कारकिर्दीत एकूण ७०४ कसोटी बळी. शिकवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, म्हणून तर हे उदाहरण जास्त टोचतं.

मैदानावर वावरणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी, खेळलेल्यांनी मनमोकळं लिहावं. या मुलाचं काय करू?

कांगा_लीग

नेटवाला, तळमळ पोचली. पण मी दुसऱ्या बाजूने लिहिणार आहे.

बुमराह, अँडरसन ही नावं आपल्याला माहीत आहेत कारण ते टिकले. वेड्यावाकड्या ॲक्शनची जी हजारो मुलं सतराव्या-अठराव्या वर्षी खेळातून गेली, त्यांची नावं कोण घेतं? शुद्ध तंत्र हे सामान्य मुलासाठी असतं. अनेक पिढ्यांनी चुकतमाकत, दुखापती सोसत जे जमवलं त्याचा तो गोषवारा आहे. बाजूने ये, पुढचा हात उंच, डोकं स्थिर, पुढचा पाय ताठ, मग फॉलो-थ्रू. यातली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी अंगाला लागून शिकलेली आहे.

मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांना ज्यांनी मैदानावर पाहिलं त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. चार-पाच पावलं, वळण आणि चेंडू पुन्हा पुन्हा त्याच जागी. प्रथम श्रेणीत ५८९ बळी. कसोटी खेळायला मिळाली नाही हे मुंबईकराच्या मनातलं जुनं शल्य आहे, पण त्यांच्या ॲक्शनमध्ये बिघडण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून चाळिशी उलटल्यावरही ते टाकत राहिले. बापू नाडकर्णींचं तेच. १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा. लागोपाठ २१ निर्धाव! नेटमध्ये टप्प्यावर नाणं ठेवून त्यावर चेंडू पाडायचा सराव ते करत, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. असं सातत्य अंगात मुरायला हालचाल साधी लागते.

आणि कांगा लीगमध्ये, म्हणजे मुंबईच्या पावसाळी स्पर्धेत, खेळलेल्याला विचारा. ओल्या मैदानावर पाय सरकत असताना ज्याची ॲक्शन साधी असते तोच टप्पा पकडतो. ज्याच्या ॲक्शनला दहा खटके असतात त्याचा एक खटका चिखलात चुकला की चेंडू हाफ-व्हॉली.

फिजिओताई

मी क्रीडा फिजिओथेरपिस्ट आहे. तरुण वेगवान गोलंदाजांच्या पाठी हेच माझं रोजचं काम. थोडं सविस्तर लिहिते.

पुढचा पाय टेकतो त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर त्या पायातून वर येतो. आणि त्याच क्षणी कणा वाकलेला, पिळलेला आणि एका बाजूला कललेला असतो. उजव्या हाताच्या गोलंदाजाला स्ट्रेस फ्रॅक्चर बहुतेक वेळा कमरेच्या खालच्या मणक्यांत डाव्या बाजूला होतं, ते याचमुळे. वाढत्या वयात तिथलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं.

साइड-ऑन (अंग फलंदाजाला आडवं) चांगली आणि फ्रंट-ऑन (छाती फलंदाजाकडे) वाईट, असं शास्त्र कुठेही म्हणत नाही. दोन्ही चालतात. घात करते ती मिक्स्ड ॲक्शन, म्हणजे कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या. मागचा पाय टेकताना कंबर फलंदाजाकडे उघडलेली, पण खांदे साइड-ऑनसाठी वळवलेले. मग मधला कणा पिळला जातो, दर चेंडूला. ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून यावर संशोधन झालं आणि जगभरच्या प्रशिक्षणात ते आलं.

आता यातली खरी मेख बघा. मी पाहिलेल्या मिक्स्ड ॲक्शनपैकी कितीतरी मुलांची मुळातली ॲक्शन स्वच्छ फ्रंट-ऑन होती. कुणीतरी सांगितलं, "पुढचा हात वर घे, खांद्यावरून बघ." पोराने खांदे वळवले, पाय आणि कंबर जुन्याच सवयीने उघडे राहिले. म्हणजे पुस्तकी तंत्र अर्धंच बसवल्याने दुखणं तयार झालं. कांगा_लीग काका, पुस्तक चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. त्यातलं एक पान फाडून पोराच्या हातात दिलं जातं, ते घातक आहे.

मात्र 'नैसर्गिक आहे, हात लावू नका' हेही मला पटत नाही. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली याला १९७३ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये पाठीला स्ट्रेस फ्रॅक्चर झाली. कित्येक महिने गेले, त्याने व्यायाम आणि ॲक्शन दोन्हींवर नव्याने काम केलं आणि १९७४-७५ला परतला. ऑस्ट्रेलियाच्याच पॅट कमिन्सने १८ व्या वर्षी, २०११ मध्ये जोहान्सबर्गला कसोटी पदार्पण केलं आणि त्याची दुसरी कसोटी थेट २०१७ मध्ये रांचीला. मधली बरीच वर्षं दुखापतीत गेली. त्याच काळात लिलीच्या मदतीने त्याने ॲक्शन सुधारली. स्वतः बुमराहच्या पाठीवर २०२३ मध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया झाली आहे. त्याची ॲक्शन त्याला महान बनवते आणि त्याच्या पाठीकडून त्याची किंमतही घेते. ही दोन्ही वाक्यं एकदम खरी आहेत.

नेटवाला, तुमच्या वर्णनात 'मागचा पाय टेकतो तेव्हा छाती उघडी' असं आहे. कंबर कुठे असते? ते कळल्याशिवाय मी काहीच सांगणार नाही.

विदर्भवासी

उमेश यादवचं नाव अजून कसं कुणी घेतलं नाही? खापरखेड्याजवळचा, खाणीत काम करणाऱ्या वडिलांचा मुलगा. एकोणीस-वीस वर्षांचा होईपर्यंत टेनिस बॉलच. लेदरचा चेंडू उशिरा हातात आला, आणि थोड्याच काळात रणजी. २०११ मध्ये कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू झाला.

माझा मुद्दा असा की टेनिस बॉलवर वाढलेल्या पोराच्या अंगात वेग आधी येतो, आकार नंतर. चेंडू हलका असतो, तो पळवायचा तर हात जोरात फिरवावाच लागतो. त्यातून जी लय बसते ती त्या पोराची स्वतःची असते. उमेश जर बाराव्या वर्षीच 'आधी लाइन, आधी लेंग्थ, वेग नंतर बघू' म्हणणाऱ्याच्या हाती लागला असता, तर तो वेग राहिला असता का? मला शंका आहे. त्याला टप्पा शिकायला वेळ लागला, धावा गेल्या, टीका झाली. पण टप्पा शिकवता येतो. ताशी १४० किलोमीटरचा वेग कुणी शिकवून दाखवावा.

आमच्याकडे गावोगावच्या टेनिस स्पर्धांत आजही असे पोरं दिसतात. त्यांना बघायला कुणी येत नाही हे खरं दुखणं आहे.

गुगली

सगळे वेगवान गोलंदाजांवरच लिहिताय, म्हणून फिरकीची बाजू.

फिरकीत पाठीची भीती कमी, तरी इथेही 'शुद्ध' चा आग्रह तेवढाच. माझ्या मनात नेहमी दोन लेगस्पिनर शेजारी उभे राहतात. एक आपले मुंबईचे सुभाष गुप्ते. उंची (फ्लाइट), वळण, गुगली (उलटा वळणारा चेंडू), सगळं घडवलेलं. ३६ कसोटींत १४९ बळी, १९५८ ला कानपूरमध्ये वेस्ट इंडिजचे एका डावात ९. दुसरे भागवत चंद्रशेखर. लहानपणी पोलिओ झाला, उजवा हात बारीक राहिला. क्षेत्ररक्षण करताना चेंडू डाव्या हाताने फेकायचे. आणि तोच अशक्त उजवा हात गोलंदाजीत चाबकासारखा यायचा. रन-अप मध्यमगती गोलंदाजासारखा, चेंडूचा वेग तसाच. १९७१ ला ओव्हलवर ३८ धावांत ६, आणि आपण इंग्लंडमध्ये पहिली मालिका जिंकलो. चंद्रांना कुणी 'चेंडूला उंची दे, हळू टाक, गुप्तेंसारखा टाक' म्हणून बसवलं असतं तर १९७१ वेगळंच झालं असतं.

कुंबळेलाही सुरुवातीला हेच ऐकावं लागलं. वळत नाही, वेगाने टाकतो, हा कसला लेगस्पिनर. ६१९ बळी.

आणि आपला पुण्याचा केदार जाधव! मला त्याची गोलंदाजी फार आवडायची. २०१६ च्या धर्मशालाच्या सामन्यात धोनीने चेंडू दिला आणि त्याने न्यूझीलंडच्या नीशम आणि सँटनरला लागोपाठच्या चेंडूंवर काढलं. पुढे तर तो इतका खाली वाकून, हात इतका आडवा करून टाकायला लागला की चेंडू पंचांच्या कमरेजवळून येतोय असं वाटायचं. चेंडू उठायचाच नाही, त्यामुळे खालून उचलायची सोय नाही. २०१८ च्या आशिया चषकात पाकिस्तानविरुद्ध २३ धावांत ३. कुठल्याही अकादमीत हे कुणी शिकवणार नाही. पण त्याने फलंदाजाच्या बाजूने विचार केला होता. याला काय मारता येत नाही, तेच टाकू.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अप्रामाणिकपणा होईल. श्रीलंकेचा अजंता मेंडिस. २००८ ला कराचीत आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात आपले ६ बळी १३ धावांत, त्यानंतर कसोटी मालिकेत ३ सामन्यांत २६. बोटाने टिचकी मारून सोडलेला तो चेंडू कुणालाच कळत नव्हता. पण त्याच मालिकेत गॉलला सेहवागने नाबाद २०१ केल्या. चेंडू हातातून सुटताना ओळखता येतो हे एकदा कळल्यावर बाकीचेही वाचायला शिकले. गूढ संपल्यावर हाताशी टप्पा, उंची, वेगबदल यांची पुंजी लागते, ती त्याच्याकडे त्याच्याच संघातल्या मुथय्या मुरलीधरनइतकी नव्हती.

पार्ल्याची_वाचक

धागा एका दमात वाचला. एक शंका आहे. वेगळ्या ॲक्शनच्या मुलाला मैदानावर लगेच 'बट्टा मारतो', म्हणजे चेंडू टाकत नाही, फेकतो, असं म्हणतात. माझ्या भाच्याला तर सोसायटीच्या सामन्यात रडवलं होतं पोरांनी. चेंडू टाकताना कोपर १५ अंशांहून जास्त सरळ व्हायचा नाही, हा नियम साध्या डोळ्यांनी कसा कळणार?

नेटवाला

पार्ल्याची_वाचक, कळतच नाही, आणि म्हणूनच तो १५ आहे. पूर्वी आयसीसीच्या मर्यादा वेगवेगळ्या होत्या, फिरकीला ५, मध्यमगतीला साडेसात, वेगवानला १०. मग अतिवेगवान कॅमेऱ्यांनी मोजलं तर दिसलं की ज्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं अशा गोलंदाजांचाही कोपर थोडाफार सरळ होतोच. साधारण १५ अंशांपलीकडे गेल्यावरच डोळ्याला खटकतं, म्हणून २००५ पासून सगळ्यांना एकच मर्यादा.

हात वाकलेला असणं गुन्हा नाही. खांद्याच्या उंचीवर आल्यावर तो चेंडू सुटेपर्यंत सरळ होणं नियमाबाहेर आहे. मुरलीधरनचा कोपर जन्मापासूनच पूर्ण सरळ होत नव्हता. १९९५ च्या बॉक्सिंग डेला मेलबर्नवर पंचांनी त्याला वारंवार नो-बॉल दिले. २००४ मध्ये हाताला कोपर हलू न देणारा ब्रेस बांधून त्याने कॅमेऱ्यासमोर चेंडू टाकून दाखवले, दूसरासुद्धा (ऑफस्पिनरचा उलट्या दिशेने वळणारा चेंडू). तुमच्या भाच्याला हे जरूर सांगा. आणि फोनवर स्लो मोशनमध्ये बाजूने चित्रीकरण करा, अंदाज तरी येईल.

फिजिओताई, आज संध्याकाळी नीट पाहिलं. मागचा पाय समोरच्या दिशेला, कंबर उघडी, खांदेही उघडेच. म्हणजे फ्रंट-ऑन. पण पुढचा पाय टेकताना अंग डावीकडे बरंच कलतं.

मेलबर्नकर

२०२४ च्या बॉक्सिंग डे कसोटीला मी मैदानात होतो. चौथ्या दिवशी बुमराहने ट्रॅव्हिस हेडला काढलं तो त्याचा २०० वा बळी, आणि २० च्या खालच्या सरासरीने २०० गाठणारा तो पहिलाच. बाजूच्या स्टँडमधून बघताना एक गोष्ट कळली जी टीव्हीवर कळत नाही, कारण तिथे कॅमेरा मागून असतो. त्याचा चेंडू सुटतो तो पुढच्या पायाच्याही बराच पुढे. बाकीच्यांचा हात डोक्यावर असताना सुटतो, याचा त्याहून पुढे जाऊन. फलंदाजाला तेवढा वेळ कमी मिळतो. त्यात रन-अप असा की वेगाचा अंदाजच बांधता येत नाही. लोक त्याच्या अडखळत्या पावलांवर बोलतात, पण सगळा खेळ शेवटच्या दीड पावलात आहे. तिथे त्याचा पुढचा पाय अगदी ताठ असतो आणि मनगट शिवणीच्या मागे. हे दोन्ही शंभर टक्के पुस्तकातलं आहे!

इथे क्लबमध्ये मुलगा खेळतो. वेगवान टाकणाऱ्या मुलांच्या षटकांवर वयानुसार बंधन असतं, एका स्पेलमध्ये किती, दिवसात किती. सराव मोजला जातो. ॲक्शनला मात्र फारसं कुणी हात लावत नाही, पाठ दुखत असेल तरच. आपल्याकडे उलटं दिसतं. ॲक्शनवर दहा जण बोलणार, आणि तेच पोर सकाळी शाळेचा सामना, दुपारी नेट आणि रविवारी क्लबचा सामना टाकणार. ते कुणी मोजत नाही.

फिजिओताई

मेलबर्नकर, शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांना मी पहिलं विचारते, आठवड्यात चेंडू किती टाकतो? उत्तर कधीच येत नाही. परीक्षेसाठी दोन महिने खेळ बंद आणि मग सुट्टीच्या शिबिरात रोज सकाळ-संध्याकाळ, या एकदम वाढलेल्या भाराने चांगल्या ॲक्शनची पाठही जाते.

कांगा_लीग

मेलबर्नकरांचं निरीक्षण माझ्याच बाजूचं आहे असं मी म्हणेन. बुमराहचा रन-अप त्याचा, पण ताठ पाय आणि मनगट सगळ्यांचं. मग पाया शिकवायलाच हवा की नको?

आणि एक गोष्ट कुणी बोललं नाही, नक्कल. शिवाजी पार्कवर संध्याकाळी फेरी मारा. श्रीलंकेचा लसिथ मलिंगा मुंबई इंडियन्सकडून खेळायचा तेव्हा अर्धी पोरं हात आडवा करून चेंडूवर ओठ टेकवून धावत यायची. आता बुमराहसारखी अडखळत येतात. त्या पोरांची ती स्वतःची शैली नव्हे, ती उसनी आहे. मलिंगा गॉलजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत टेनिस बॉल खेळत वाढला, त्याची ॲक्शन तिथे उगवली. प्रशिक्षक चंपका रमानायकेने त्याला पाहिलं आणि ती तशीच राहू दिली. २००७ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेचे ४ चेंडूंत ४ बळी त्यातून आले. पण पार्कवरच्या पोराने महिनाभर तसं टाकलं तर खांदा धरून बसेल. ॲक्शन राहू द्या म्हणताना आधी ती त्याचीच आहे ना, हे बघा.

नेटवाला

काका, हे अगदी मान्य. मी लिहायला हवा होता असा मुद्दा तुम्ही लिहिलात. नक्कल ओळखायची माझी पद्धत साधी आहे. मुलाला रन-अपशिवाय, उभ्या जागेवरून टाकायला लावतो, मग थकल्यावर टाकायला लावतो. उसनी ॲक्शन दोन्हीकडे गळून पडते. या मुलाची दोन्हीकडे तीच राहते, आणि तो कुणासारखा टाकतो असं मला तरी वाटत नाही.

पाया शिकवायचा हेही मान्य. माझं भांडण फक्त पाया आणि नक्षी यांच्यात गल्लत करण्याशी आहे. पुढचा हात किती उंच, उडी किती मोठी, रन-अप किती लांब, मान कुठे, ही नक्षी. अँडरसनची मान खाली होती. पण चेंडू सोडताना मनगट चेंडूच्या मागे, पुढच्या पायाचा आधार आणि अंगाचा जोर फलंदाजाच्या दिशेने, हा पाया.

कोल्हापुरी_ऑफस्पिन

मुलींच्या क्रिकेटबद्दल लिहिते, कारण तिथे हा प्रश्न वेगळ्याच रूपात येतो.

मी विद्यापीठापर्यंत खेळले. मला ऑफस्पिन शिकवणाऱ्यांनी सतत सांगितलं, "सपाट टाक, वेगात टाक, उंच टाकलास तर मारतील." कारण त्यांच्या डोळ्यांसमोर पुरुषांचं क्रिकेट होतं. माझी बोटं लहान, मनगट बारीक. वेगात टाकायला गेलं की वळण जायचं. मी जशी टाकायचे, हवेत उंच, डोळ्यांच्या रेषेच्या वर, तशी मला टाकूच दिलं नाही. शेवटी मी फक्त फलंदाजी करायला लागले.

मग २०२० मध्ये सिडनीला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा पहिला सामना पाहिला. पूनम यादव, उंची पाच फुटांच्या आत, आणि समोर ऑस्ट्रेलिया. इतका हळू चेंडू की फलंदाज पुढे येऊन थांबतेय, परत मागे जातेय, आणि गुगली तोपर्यंत आत. १९ धावांत ४ बळी. मी टीव्हीसमोर रडले, खरंच. तिची उंची आणि वेग हे जगातल्या कुठल्याही प्रशिक्षकाने दोष म्हणूनच लिहिले असते. तिने त्यांचाच खेळ केला.

नेटवाला, त्या मुलाला कुणीतरी 'तुझं बरोबर आहे' असं मोठ्याने सांगा. ॲक्शनचं पुढचं पुढे.

गुगली

ताई, प्रतिसाद मनाला लागला. तुम्ही पुन्हा टाकायला सुरुवात करा, मनापासून सांगतो. क्लब पातळीवर हळू ऑफस्पिनला आजही बळी मिळतात.

विदर्भवासी

+१. आणि जमलं तर आपल्या गावातल्या मुलींना शिकवा.

एक_पालक

माझाही मुलगा वेगवान टाकतो. तत्त्व पटलं सगळ्यांचं, पण चाचणी घेणाऱ्यांना कसं पटवणार? त्यांच्यासमोर दोनशे मुलं, एकेकाला सहा चेंडू. त्यांनाही दोष देता येत नाही. अशा घाईत नजर ओळखीच्या आकारावरच जाणार. मग मुलाचं वर्ष वाया जाऊ द्यायचं का?

नेटवाला

एक_पालक, तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि मला त्याचं अर्धंच उत्तर माहीत आहे. चाचणीपुरती ॲक्शन 'दुरुस्त' करून पाठवणं मी करणार नाही. फिजिओताईंनी लिहिलेली अर्धवट बदललेली ॲक्शन त्यातूनच तयार होते, आणि ती पोराबरोबर आयुष्यभर राहते.

त्याऐवजी मी त्याचे सामन्यातले आकडे नीट वहीत ठेवतोय. षटकं, निर्धाव, बळी, त्यात त्रिफळा आणि पायचीत किती. त्याचा आत येणारा खाली राहणारा चेंडू किती फलंदाजांना चकवतो ते त्यातून कोरड्या आकड्यांत दिसतं. निवडकर्त्यांपैकी एकाला तरी आधी सामना बघायला बोलावणार. नेटमधले सहा चेंडू आणि सामन्यातली सहा षटकं यांत फार फरक असतो.

ॲक्शनमध्ये एकच गोष्ट हाती घेणार, डावीकडे कलणं. रन-अप, हात, मान, काहीही बदलणार नाही.

फिजिओताई

बरोबर ठरवलंत. कलणं कमी करायला 'सरळ राहा' असं नुसतं सांगू नका, तो खांदे ताठ करेल आणि चेंडूच जाईल. आधी त्याच्या डाव्या पायावर एका पायाने उभं राहून बसका मारायला लावा. गुडघा आत येतो का, कंबर बाजूला पडते का ते बघा. पुष्कळदा अंग कलतं ते कंबरेचे स्नायू कमजोर असल्यामुळे, ॲक्शनमुळे नाही. तसं असेल तर दोन-तीन महिने ताकदीवर काम करा, चेंडू कमी टाकायला लावा. कलणं आपोआप बरंच कमी होईल.

चित्रीकरण बरोबर मागून करा, फोन यष्टीच्या उंचीवर ठेवून. सुरुवातीचे सहा चेंडू आणि पाचव्या षटकातले सहा, दोन्ही. आणि कमरेत खाली एका बाजूला दुखतंय असं तो म्हणाला, मागे वाकल्यावर जास्त दुखत असेल, तर त्याच दिवशी गोलंदाजी बंद करून डॉक्टरांना दाखवा. 'थोडं दुखणारच' असं म्हणून पुढे ढकलू नका.

कांगा_लीग

नेटवाला, सामना कधी आहे ते कळवा, मी येतो. जुन्या ओळखीचे दोघे निवड समितीवर होते, त्यांनाही घेऊन येतो. बघू द्या त्यांना सहा षटकं.

आणि पोराला एवढं सांगा, नवा चेंडू हातात आला की घाईने यॉर्कर टाकू नकोस. तुझा चेंडू खाली राहतो ना, मग लेंग्थवरच टाक, ऑफ स्टंपच्या थोडा बाहेर. तिथून आत आणलास तर फलंदाज सोडायला जाईल आणि पायचीत होईल.